पुढची हाक, मागचं उत्तर

म्हैसूरच्या गोकुलममधल्या आत्याच्या घराचा वरचा मजला परदेशी भाडेकरूंसाठी असतो. योग शिकायला आलेली माणसे दोन-तीन महिने राहतात, गच्चीवर चटया वाळत घालतात आणि निघून जातात. आत्या त्यांना नावाने ओळखत नाही, देशाने ओळखते: रशियावाली, ब्राझीलवाला, जपानची दोघं. मागच्या थंडीत आलेल्या बाईंच्या बाबतीत ही पद्धत अडली. पासपोर्टवर एक देश होता, बाई स्वतःला दुसऱ्या देशाची म्हणवत होत्या, आणि इंग्लिश ही आपली भाषा नाही असेही सांगत होत्या. त्या स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या एका बेटावरच्या. वय साठीच्या पुढे, शाळेतून निवृत्त.

"इंग्लिश शाळेत लागलं," त्या म्हणाल्या. "घरात गेलिक."

मी ते आत्याला मराठीत सांगितले.

"म्हणजे आपल्यासारखंच, अल्वा?" आत्या म्हणाली. "आत एक, दारात एक."

'अल्वा' म्हणजे कन्नडमध्ये 'नाही का'. आमच्या मराठीत असे शब्द जागोजाग आहेत आणि ते काढले तर वाक्य उभे राहत नाही. घराणे रंगाऱ्यांचे. म्हैसूर भागात येऊन किती पिढ्या झाल्या हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही. कापड रंगवणे आत्याच्या लहानपणीच थांबले. आता घरात शिक्षक आहेत, बँकेतले आहेत, एक दंतवैद्य आहे. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर नोकरी केली. पुढच्या पिढीची मराठी जेवायला मागण्यापुरती आणि कुत्र्याला रागावण्यापुरती उरली आहे.

दुसऱ्याच आठवड्यात बाईंचा गुडघा दुखावला. वर्ग बंद झाला. त्या दुपारी खाली व्हरांड्यात येऊन बसू लागल्या आणि येताना आपल्या गावाचा नकाशा आणू लागल्या. नकाशा छापील होता, पण त्यावर पेन्सिलीने लिहिलेली नावे छापील नावांपेक्षा कितीतरी जास्त होती. निवृत्तीनंतर हेच त्यांचे काम होते. गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जायचे, प्रत्येक ओढ्याचे, खडकाचे, उताराचे नाव विचारायचे आणि ते नाव का पडले हे लिहून घ्यायचे.

आत्याला नकाशा वाचता येत नाही, पण गोष्ट ऐकायला आवडते. म्हणून बाई सांगत आणि मी मधे बसून भाषांतर करत असे. एका डोंगरउतारावर ठिकठिकाणी 'आरी' हा शब्द होता. उन्हाळ्यात गुरे वर चरायला न्यायची, बायका आणि मुली तिथे दगडी झोपड्यांत राहून लोणी काढायच्या, त्या झोपडीची ही जागा. 'ब्यालख' म्हणजे खिंड. एक खडक गाय पडली म्हणून तिच्या नावाचा. गाय गेली, तिचा रंग नावात राहिला. एक उंचवटा नुसता 'बसण्याचा'. जळणासाठी कापलेली दलदलीतली माती टोपल्यांत भरून बायका पाठीवर आणायच्या आणि तिथे बसायच्या. सरकारी मोजणीवाले आले तेव्हा त्यांना ही भाषा येत नव्हती. त्यांनी कानाला लागले तसे लिहिले, काही नावांचे इंग्लिश करून टाकले. त्याच्या आगेमागे मालकांनी मेंढ्यांसाठी गावेच्या गावे उठवली. उरलेल्यांच्या मुलांना शाळेत इंग्लिश मिळाली.

"आता नकाशावर नाव आहे," बाई म्हणाल्या, "आणि ते का पडलं हे सांगणारं माणूस नाही."

आत्या शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "हिला सांग, आमचं उलटं आहे. का पडलं ते मला येतं. नाव येत नाही."

मला वाटले की ती चेष्टा करते आहे. ती चेष्टा करत नव्हती.

आजोबांची रंगाची भट्टी नंजनगूडजवळ होती, नदीपासून थोडी वर. नकाशावर ती नदी कबिनी आहे. तिथली माणसे कपिला म्हणतात. कापड आधी हिरड्याच्या आणि तुरटीच्या पाण्यातून काढायचे, मग वाहत्या पाण्यात खळबळायचे आणि ओले असतानाच भट्टीवर आणून लाल रंगात उकळायचे. वाटेत ते कुठे सुकले, तर तेवढ्या जागी रंग वेगळा बसतो. म्हणून नदीवरून निघालेल्या माणसाने वाटेत टेकायचे नाही, असा घरातला नियम होता. मोठी माणसे पिळलेल्या कापडाची टोपली डोक्यावर घेत. मुलींना डोक्यावर तोल साधत नसे, म्हणून दोघींच्या खांद्यावर एक वेळूची काठी आणि काठीवरून दोन्ही बाजूंना सोडलेले ओले कापड. पुढच्या मुलीला वाट दिसायची. मागच्या मुलीला कापड दिसायचे.

पुढे थोरली, मागे माझी आत्या. थोरलीला घरात सगळे अक्का म्हणतात. ती बारा-तेरा वर्षांची असेल आणि आत्या आठ-नऊची. माझे वडील तेव्हा पाळण्यात होते.

वाट चढाची आणि वळणांची होती. पुढचीने प्रत्येक जागा आली की तिचे नाव ओरडायचे आणि मागचीने उत्तर द्यायचे, म्हणजे ती जागी आहे, नीट चालते आहे हे पुढचीला कळे. उत्तर म्हणून नुसते 'हो' चालत नसे. माणूस झोपेतही हो म्हणतो, असे आजोबांचे म्हणणे. मागचीने त्या जागेचे नाव का पडले, ते सांगायचे. असे कित्येक हंगाम चालले. परिणाम असा झाला की त्या वाटेवरची नावे एका बहिणीच्या तोंडात राहिली आणि कारणे दुसरीच्या.

"म्हण ना एखादं," मी आत्याला म्हटले.

"हत्ती पाणी प्याला," आत्या म्हणाली. "मडकं फुटलं. फुलते, धरत नाही. भाऊ वेगळे झाले. नवरी रुसली." ती थांबली. "आणि आई टेकली."

बाईंनी पेन्सिल उचलली होती. त्यांना प्रत्येकाचे नाव हवे होते.

"नावं अक्काकडं," आत्या म्हणाली. "हत्ती आहे म्हणजे नावात हत्ती असेलच असं नाही. मी हाक कधी दिलीच नाही गं. मी ऐकायचे आणि उत्तर ओरडायचे. हाक गेली, उत्तर राहिलं."

मग तिने शेवटच्या उत्तराबद्दल सांगितले. ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. एके दिवशी नदीवरून येताना पुढून नाव आले नाही. अक्काचा आवाज आला: "आई टेकली." आत्याला कापडापलीकडचे काही दिसले नाही. कापडाच्या काठाखालून तिला आईचे पाय दिसले, मातीत सरळ पसरलेले. काठी थांबली नाही, म्हणून तीही थांबली नाही. त्यानंतर आई आठवडाभरही जगली नाही. मुलींना म्हैसूरला नातेवाइकांकडे पाठवले. पुन्हा त्या वाटेने दोघींनी कधी ओझे आणले नाही आणि काही काळाने आजोबांनी भट्टीही बंद केली.

माझ्या या आजीचा एकही फोटो नाही. तिच्या हातची कुठली वस्तू घरात नाही. श्राद्धाची तिथी आजोबांना माहीत होती, ती त्यांच्याबरोबर गेली. माझ्या वडिलांना आई आठवत नव्हती. आत्याला जे आठवते त्यात चेहरा पुसट आहे आणि पाय स्पष्ट आहेत.

"मला ती जागा हवी आहे," आत्या म्हणाली. "एकदा जाऊन हळदकुंकू वाहून येईन. दुसरं काय करणार? बाकी कुठं काही नाहीच तिचं."

"मग अक्काला विचारलं का नाहीस इतक्या वर्षांत?"

"विचारलं. ती बिडु म्हणते. सोड म्हणते. आणि लगेच विचारते, चटणी कशी झाली?"

बाईंचे परतीचे तिकीट जवळ आले होते. त्यांना ती वाट पाहायची होती. आत्याने ते निमित्त धरले. पाहुणीला दाखवायचे म्हटल्यावर अक्का नाही म्हणणार नाही, असा तिचा हिशेब होता. एका रविवारी सकाळी मी गाडी काढली.

अक्का नंजनगूडमध्ये मुलाकडे राहते. सुनेला मराठी येत नाही, नातवंडांनाही नाही. नवरा गेल्यापासून त्या घरात तिच्याशी मराठी बोलणारे कोणी उरलेले नाही. ती बोलायला लागली की पहिली काही वाक्ये कन्नडच येतात, मग जुना नळ सुरू व्हावा तशी थांबत थांबत मराठी येते.

"बा, ये," अक्का दारातच म्हणाली. "किती काळी पडलीस गं धाकटे."

"तू तेवढी गोरी झालीस वाटतं?"

"ही कोण?"

"वरची. माझी भाडेकरू."

"योगावाली?" अक्काने बाईंच्या पायाकडे पाहिले. "ही तर लंगडते. कसला योग शिकवतात तुमच्या गोकुलमात?"

मी याचे भाषांतर केले नाही. बाईंना ते समजले असावे, कारण त्या हसल्या.

कॉफी झाल्यावर आत्याने विषय काढला. अक्काने पेल्यातली साखर ढवळली. "त्या वाटेवर आता काय आहे? घरांसाठी साइट पाडल्यात सगळीकडं. दगड रोवलेत. सुम्ने, उगाच कशाला उन्हात?"

"हिला बघायची आहे."

"हिला देऊळ दाखव. केळी घेऊन दे. सगळे तेच करतात."

"नको येऊस मग," आत्या म्हणाली. "मी दाखवते तिला."

"तू?" अक्काने पेला खाली ठेवला. "तुला ती वाट दिसली होती का कधी?"

मग अक्का उठली आणि चपला शोधू लागली.

आम्ही गाडीने नदीपर्यंत गेलो. वाट शोधायची तर तिथूनच, हे दोघींनीही न बोलता धरले होते. भट्टीकडून नदीकडे जाताना कोणी नावे ओरडत नसे. तेव्हा हात मोकळे असायचे आणि बहिणी भांडत जायच्या. नावे होती ती ओझ्याच्या दिशेची. घाटावर रविवारची गर्दी होती. घाटाच्या पुढे, जिथून चढ लागतो, तिथे आता डांबरी रस्ता आहे. अक्का काठी टेकत पुढे झाली. आत्या तिच्या मागे उभी राहिली. शेजारी चालायला जागा भरपूर होती, पण ती मागेच राहिली आणि तिने नजर अक्काच्या पाठीवर ठेवली. मी आणि बाई दोघींच्या मागे होतो.

थोडे वर गेल्यावर रस्त्याच्या कडेला एक काळा खडक होता. अर्धा रस्त्याखाली गेलेला, अर्ध्यावर कुणीतरी सिमेंटच्या जाहिरातीसाठी पांढरा रंग मारलेला. अक्का न थांबता म्हणाली, "आने कल्लु."

मागून उत्तर आले नाही.

अक्काने मान वळवली. "काय झालं? धडा विसरलीस?"

"हे नाव नव्हतं," आत्या म्हणाली.

"हेच होतं. आने कल्लु. हत्तीचा दगड."

"कन्नडमध्ये नव्हतं अक्का. आपण कन्नडमध्ये नाही ओरडायचो."

अक्का उभी राहिली. ओठ हलवून तिने काहीतरी आठवून पाहिले. आत्या कन्नड तितकीच बोलते जितकी मराठी. शब्द न कळण्याचा प्रश्न नव्हता. पण ज्या हाकेला उत्तर आपोआप यायचे, ती ही हाक नव्हती. अक्काच्या डोक्यात नावे राहिली होती, मात्र इतकी वर्षे ज्या भाषेत अक्का राहत होती त्या भाषेत ती उतरून गेली होती. कधी उतरली हे तिलाही माहीत नव्हते. तिला क्षणभर धक्का बसला, असे तिच्या चेहऱ्यावरून दिसले.

"मला तेवढंच येतंय," ती म्हणाली. "चालेल तर चल."

"चल," आत्या म्हणाली आणि विचार करून, सावकाश उत्तर दिले: "हत्ती पाणी प्याला."

मग दोघी तशाच चालल्या. एका वळणावर माती बाजूच्या मातीपेक्षा लाल होती, ती 'केंपु मण्णु'. मागून, थांबून: "मडकं फुटलं." पणजोबांच्या डोक्यावरचे रंगाचे मडके तिथे फुटले, म्हणून माती लाल. वर्तमानपत्रातल्या सवयीने मी आजूबाजूला पाहिले. शंभर पावलांवर जमीन तशीच लाल होती. हत्तीलाही पुरावा नाही. कुणाचा हत्ती, कधी, हे दोघींनाही माहीत नव्हते. गुंडलुपेटकडच्या रानातून एखादा आलाही असेल. मी बाईंना हे सांगितले. त्या म्हणाल्या की त्यांच्या बेटावरही निम्म्या गोष्टी नावानंतर जन्मलेल्या आहेत. त्या खोट्या म्हणून त्या खोडत नाहीत, नुसती वेगळी खूण करतात.

'हुणसे मर', चिंचेचे झाड. ते झाड आता नव्हते. त्या जागी एका साइटचे कुंपण होते आणि कुंपणाला फाटक. अक्काने फाटकाकडे बोट करून हाक दिली आणि आत्या म्हणाली, "फुलते, धरत नाही." 'कवलु दारी', दोन फाटे: "भाऊ वेगळे झाले." तिथे आता एकच फाटा आहे, दुसरा एका कारखान्याच्या भिंतीत गेला. 'बावी', म्हणजे विहीर: तिच्यावर सिमेंटचे झाकण होते आणि झाकणावर कुणाचे तरी कपडे वाळत होते. "नवरी रुसली," आत्या म्हणाली. हे उत्तर मात्र पटकन आले आणि दोघी हसल्या. ती नवरी म्हणजे त्यांची काकू. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ती विहिरीच्या कठड्यावर बसून राहिली होती आणि भजी मिळाल्यावर उठली होती.

"भजी नाही, बोंडे," अक्का म्हणाली.

"भजी."

"मी बघितलेत. तुला नुसता वास आला असेल."

चढ संपला. जिथे भट्टी होती तिथे मोकळी सपाट जागा आहे आणि कामगारांना ने-आण करणाऱ्या बसगाड्या उभ्या असतात. अक्काने काठी दुसऱ्या हातात घेतली आणि कन्नडमध्ये 'झालं' म्हणाली.

"एक राहिलं, अक्का," आत्या म्हणाली.

"काही राहिलं नाही. सगळी झाली."

"हाका झाल्या. माझं एक उत्तर राहिलं. आई टेकली."

अक्काने पदराने मान पुसली. दूर एक ड्रायव्हर बसची काच धूत होता.

"ते नाव नाही," ती म्हणाली.

"नाव नसेल. जागा तर असेल."

"कुठली सांगू?"

"जिथं टेकली ती."

"अगं, रोज टेकायची ती," अक्का म्हणाली. "कधी चिंचेखाली, कधी बावीपाशी, कधी दोन पावलांवर. त्या हंगामात एकही दिवस ती सरळ घरी पोचली नाही."

आत्याने मान हलवली. "नाही. आई आपल्या मागून यायची. आपल्यावर लक्ष ठेवायला मागं राहायची."

"नदीवरून निघताना कुठं असायची?"

"पुढं."

"मग मागं कशी व्हायची?"

मी हे भाषांतर करायचे थांबवले. बाईंनीही विचारले नाही.

अक्का आता खालच्या आवाजात, पण घाई न करता बोलत होती. आई टेकायची. ह्या दोघी जवळ आल्या की अक्काला डोळ्यांनी सांगायची, चल. दोघी पुढे गेल्या की टोपली उचलून मागून यायची. भट्टीवर बाबा विचारायचे, उशीर का, तेव्हा सांगायची की पोरींच्या मागं होते. बाबांना कळू द्यायचे नव्हते. नियम त्यांचा होता, आणि कळले असते तर त्यांनी तिला नदीवर येऊ दिले नसते. मग तेवढे कापड कोण आणणार? त्या दिवशी तिची टोपली कलंडली आणि कापड मातीत गेले, म्हणून अक्काच्या तोंडून शब्द निघून गेले. एरवी ती कधी बोलली नव्हती.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू थांबली असतीस," अक्का म्हणाली. "मागचा थांबला की काठी पुढच्याच्या मानेवर येते."

"आणि टोपली कलंडली ती जागा? ती तर एकच असेल."

"मी वळून बघितलं नाही गं. काठी होती खांद्यावर." मग ती म्हणाली, "आता बघायला गेलं तर मला ती सगळ्या वाटेवर बसलेली दिसते. एक जागा कशी काढून देऊ? साकु, पुरे. ऊन लागतंय. सूनबाईंनी भात लावला असेल."

आत्याच्या हातातल्या पिशवीत हळदकुंकवाची डबी होती. ती पिशवी तिने एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि आम्ही खाली आलो.

जेवताना दोघी नेहमीसारख्या बोलल्या. सांबार, गुडघे, कुणाच्या मुलाचे लग्न मोडले. अक्काने बाईंना आग्रह करून दुसऱ्यांदा वाढले आणि निघताना केळ्यांची फणी दिली. गाडीत बसताना तिने आत्याच्या गालाला हात लावला. आत्याने तो लावू दिला.

परतीच्या वाटेवर कडकोळपाशी कारखान्यांची पाळी सुटली होती. रस्ता मोटारसायकलींनी भरला आणि आम्ही थांबलो. बाई पुढच्या सीटवर होत्या. आत्या मागून बोलू लागली, कुणाला उद्देशून नाही.

"मी केवढ्यानं ओरडायचे, माहीत आहे? घसा ताणून. लांबपर्यंत ऐकू जावं म्हणून. मला मजा यायची." मग ती म्हणाली, "ती तिथंच खाली बसलेली असायची. आणि मी तिच्या शेजारून ओरडत जायचे. रोज."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या की त्यांच्या गावच्या त्या उंचवट्यावर बसणाऱ्या बायकांपैकी एकीचेही नाव त्यांना मिळालेले नाही. मी ते आत्याला सांगितले. त्याने काही फरक पडला असे मला वाटले नाही.

त्या दिवसानंतर आत्याने जागेची गोष्ट काढली नाही. बाई जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी ती वाट एका कागदावर काढून आणली. एका बाजूला अक्काने दिलेली नावे कन्नडमध्ये आणि समोर आत्याची उत्तरे, माझ्याकडून लिहून घेतलेली. सर्वात वर 'आई टेकली' ही एक ओळ नावाशिवाय होती. तिचे काय करायचे, असे त्यांनी विचारले. आत्याने ती खोडायला सांगितली. त्यांनी खोडली.

आठवड्याभराने आत्याने मला एक काम सांगितले. अक्काला फोन कर आणि विचार, आपण शेजारून जाताना आई काही म्हणायची का. माझा आवाज ऐकून हसायची का, त्रासायची का, काहीतरी. मी म्हटले, तूच विचार. ती म्हणाली, नको, माझ्याशी ती चटणीचं बोलेल.

मी फोन केला. अक्काने प्रश्न दोनदा विचारून घेतला. पलीकडे घरात टीव्हीचा आवाज होता, तो तिने कुणाला तरी सांगून कमी करवला.

"काय माहीत," ती म्हणाली. "ती काय करायची ते धाकटीच्या बाजूला असायचं. मी तोपर्यंत पुढं गेलेली असायचे."

मी विचारले, एकदाही मागे पाहिले नाही का?

"नाही गं," अक्का म्हणाली. "पुढचं नाव बघायचं असायचं ना."

हे आत्याला जसेच्या तसे सांगितले. तिने ऐकून घेतले, बरं म्हणाली, आणि वरच्या मजल्यावर नवे भाडेकरू येणार होते म्हणून चादरी काढायला गेली.